झाकणावर नाव असलेला डबा

मंगळवारी संध्याकाळी सव्वापाच वाजता, आमलीतल्या केंद्राच्या मोरीत एक डबा धुताना माझ्या डाव्या हाताच्या मधल्या बोटात सुई गेली. डब्याच्या तळाशी वर्तमानपत्राचा तुकडा चिकटला होता. सुई त्याखाली होती. मी हात नळाखाली धरला. रक्त आलं. मग मी कांतिभाईंना हाक मारली.

ज्यांना अशी सुई टोचली आहे, किंवा जे तपासणीच्या कागदाची वाट पाहत आहेत, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. औषधांची माहिती डॉक्टर नीट सांगतात. भीतीबद्दल फारसं कुणी सांगत नाही. मला जेवढं कळलं तेवढं इथे आहे.

केंद्र

मी सिल्वासात एका मराठी शाळेत ग्रंथपाल आहे. मूळची चिपळूणजवळची. माझा नवरा विनय इथल्याच सरकारी कचेरीत आहे. वडील गेल्यापासून आई आमच्याकडे असते. माझा धाकटा भाऊ नंदू राखोलीच्या एका सुताच्या कारखान्यात मशीनवर होता. आधी आमच्याच घरी राहायचा, नंतर राखोलीला खोली घेऊन राहू लागला.

दोन वर्षांपूर्वी नंदू गेला. कावीळ लिव्हरपर्यंत गेली, असं आम्ही आईला आणि गावाकडे सांगितलं. शेवटच्या दिवसांत त्याचे डोळे पिवळे होते, त्यामुळे ते सगळ्यांना पटलं. खरं असं होतं की तो नशेची इंजेक्शनं घेत होता, दुसऱ्यांच्या सुयांनी. त्यातून रक्तात जंतू गेले आणि हृदयाची झडप निकामी झाली.

तेराव्यानंतर एक गुजराती गृहस्थ त्याची बॅग घेऊन दारात आले. ते कांतिभाई. पूर्वी स्वतःच सुई घेणारे, आता बऱ्याच वर्षांपासून सुटलेले आणि अशाच लोकांमध्ये काम करणाऱ्या एका संस्थेत नोकरीला असलेले. बॅगेत दोन शर्ट, दाढीचं सामान आणि माझ्या शाळेच्या ग्रंथालयाचं एक पुस्तक होतं.

"हे तुमचं, बेन," ते म्हणाले. "तो बोलायचा, उशीर झाला तर बेन बोलणार काय नाय, नुसती बघणार."

त्यांच्याकडूनच मला कळलं की संस्था सिल्वासातल्या आमलीत खोली शोधते आहे. नवी सुई आणि सिरिंज द्यायची, वापरलेली परत घ्यायची आणि नीट नष्ट करायला पाठवायची, एवढंच तिथलं काम. नशा सोडायची असेल तर तीही वाट दाखवायची, पण ती अट नाही. आधी माणूस जिवंत राहायला हवा. मी विचारलं, मला काही करता येईल का.

खोली मिळेना. शेवटी एका बंद पडलेल्या टेलरच्या दुकानामागची खोली मिळाली, पण गल्लीतल्या लोकांनी बैठक बोलावली. एक जण उठून म्हणाला, "मॅडम, शाळेत पुस्तकं वाटता आणि आमच्या दारात सुया वाटणार?" लोक हसले. दुसऱ्याने सरळच विचारलं, "आमची पोरं खेळतात इथे. सुया पडल्या तर?"

मी ग्रंथपाल. मला जे येत होतं तेच मी सांगितलं. एक परत आली की एक मिळेल. जितक्या आणाल तितक्या. कार्ड असेल, रजिस्टर असेल. गल्लीत एकही सुई पडणार नाही.

लोकांना ते पटलं. बाहेर आल्यावर कांतिभाई म्हणाले, "बेन, आ लायब्ररी नथी. ज्याच्याकडे परत द्यायला नाय, त्याला काय करणार? हात हलवत पाठवणार?"

"नियम असला की लोक पाळतात," मी म्हटलं.

"लोक पाळतात. नस नाय पाळत."

खोली मिळाली होती, त्या आनंदात मी ते ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. कार्डं मीच केली. नावाऐवजी खुणेची अक्षरं आणि आकडा. मंगळवार आणि शनिवार, चार ते सहा.

डबा

भिला शिरपूरकडचा. राखोलीच्या कारखान्यात पॅकिंगला होता. खोलीत येताना चपला बाहेर काढायचा. इतर कुणी काढत नसत. कार्ड केलं त्या दिवशी म्हणाला होता, "फोटो नाही ना लावणार ताई? माझा फोटो लई खराब येतो. बायकोनं तो पाहूनच दोन वर्षं होकार नाही दिला."

एकदा त्याने वापरलेल्या सुया प्लास्टिकच्या पिशवीत आणल्या. पिशवीतून दोन टोकं बाहेर आली होती. कांतिभाई त्याला रागावले, "कडक डब्यात आण. कुणाच्या पायात गेली तर?" पुढच्या मंगळवारी तो रुमालात बांधलेला स्टीलचा डबा घेऊन आला. त्याच्याजवळच्या सगळ्या वस्तूंमध्ये तोच सर्वांत पक्का होता. झाकणावर नाव कोरलेलं होतं: 'चि. सौ. कां. रेखा हिस मामाकडून'.

"चौदा आहेत ताई," तो म्हणाला.

"एवढ्या?"

"माझ्या चारच. बाकी पडलेल्या उचलल्या. टाकीच्या मागं, तिकडं नदीकडं. तुमचाच नियम ना, जितक्या आणू तितक्या भेटतील. मित्रांकडं परत द्यायला काही राहत नाही, म्हणून त्यांच्यासाठी पण नेऊ राहिलो."

मला बरं वाटलं. नदीकाठ साफ होतो आहे, असं मनात आलं. मी रजिस्टरमध्ये चौदा लिहिलं, चौदा नव्या दिल्या आणि डबा वापरलेल्या सुयांच्या पांढऱ्या पेटीच्या तोंडावर उपडा केला.

"डबा परत लागीन ताई. तिचा आहे. दिवाळीला घरी गेलो तं पहिलं तेच विचारीन ती."

"थांब, देते," मी म्हटलं.

कुणाचा डबा खरकटा परत करायचा नाही, हे मला कुणी शिकवलं ते आठवत नाही. आमच्याकडे तो रिकामाही परत करत नाहीत. निदान चिमूटभर साखर तरी घालतात. मी मोरीत गेले. हातमोजे काढून ठेवले, कारण मोजे घालून भांडं घासल्यासारखं वाटत नाही. चौदा मी त्याच्या शब्दावर लिहिल्या होत्या. पेटीत तेराच पडल्या होत्या.

भिला दारातच उभा होता. त्याने माझं बोट पाहिलं.

"ताई, ती कुणाची होती, मला नाही माहीत," तो म्हणाला. मग त्याने चपला घातल्या आणि गेला. डबा मोरीत राहिला.

त्या संध्याकाळी

कांतिभाईंनी बोट दाबू दिलं नाही. साबण आणि वाहतं पाणी, बस. रिक्षात ते पुन्हा पुन्हा घड्याळ बघत होते, कारण पहिली गोळी जितकी लवकर पोटात जाईल तितकं बरं. हे मी मुद्दाम लिहिते आहे: उद्या बघू, असं म्हणू नका. त्याच संध्याकाळी जा.

सरकारी रुग्णालयात डॉक्टर बाईंनी विचारलं, "सुई कुणाची होती?"

"माहीत नाही."

"त्या माणसाची तपासणी करता आली तर आपल्याला कळेल, धोका किती आहे ते."

मी चौदा सुयांची गोष्ट सांगितली. सांगता सांगताच मला ती पहिल्यांदा कळली. भिलाने लोकांच्या सुया उचलल्या, कारण मी तसा नियम केला होता. सुई कुणाची ते कळणार नव्हतं, त्याचंही कारण तेच. डॉक्टर बाईंनी कागदावर 'स्रोत अज्ञात' लिहिलं.

रक्त घेणाऱ्या सिस्टरने माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुम्ही शाळेतल्या लायब्ररीच्या मॅडम ना? माझी मुलगी आहे सातवीत."

उद्या सगळ्या शाळेत कळणार. तिने माझी फाईल उलटी करून नाव झाकलं आणि म्हणाली, "ती सांगते, लायब्ररीत छान झोप लागते म्हणून."

मी हसले. त्या दिवसातली तेवढीच एक गोष्ट मला भीतीशिवाय आठवते.

अठ्ठावीस दिवस

एचआयव्ही होऊ नये म्हणून रोज एक गोळी, अठ्ठावीस दिवस. पहिला आठवडा मळमळीत गेला. कांतिभाई लिंबं आणून द्यायचे. त्यांनीही या गोळ्या कधीतरी घेतल्या होत्या. "पहिले आठ दिवस पोटात भजियां तळणार," ते म्हणायचे. "मग तेल थंड होते."

विनयला मी त्याच दिवशी सांगितलं. तो बराच वेळ बुटाची नाडी सोडत बसला. मग म्हणाला, "कुणाला सांगायचं नाही."

"आईला?"

"आईला तर मुळीच नाही. काय सांगणार? नंदूसारखंच, म्हणून?"

तो वाईट माणूस नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा कंगवा कपाटात गेला. नेलकटरही गेला. पाठ दुखते म्हणून तो बाहेरच्या खोलीत झोपायला लागला. डॉक्टरांनी नवरा-बायकोसाठी ज्या सूचना दिल्या होत्या, त्यांत कंगवा नव्हता. मी ते त्याला म्हटलं नाही. मलाही माझी भीती वाटत होती, मग त्याला काय सांगणार.

भीती कशी असते, ते सांगते. पुस्तकाच्या कडेने बोट कापतं. ग्रंथपालाला हे नेहमीचंच. त्या दिवसांत एकदा तसं झालं आणि पानावर रक्ताचा ठिपका पडला. मी ते पुस्तक पदराखाली लपवून घरी आणलं आणि ट्रंकेत ठेवलं. वाळलेल्या ठिपक्यापासून कुणाला काही होत नाही, हे मी वाचलेलं होतं. केंद्रात लोकांना मी स्वतःच सांगत होते. तरी पुस्तक ट्रंकेत ठेवलं. पाचवीतली एक मुलगी खरचटलेला गुडघा घेऊन पट्टी मागायला आली, तर तिला मी दुसऱ्या बाईंकडे पाठवलं. ती जाताना वळून बघत होती.

मी जास्त घाबरत होते ती दिवसा. भाजी चिरताना, फळा पुसताना, बाजारात सुट्टे पैसे हातात घेताना. आपल्या हातातून काहीतरी लोकांच्या हातात जातं आहे, असं वाटायचं.

आईच्या सुया

आईला मधुमेह आहे. रोज सकाळी इन्सुलिन मी द्यायची. टोचल्यानंतरच्या पहिल्या सकाळी सिरिंज हातात घेतली आणि औषधाचं माप दोनदा चुकलं. आईने पोटावरचा पदर सावरला नाही, तशीच बसून राहिली आणि माझ्या हाताकडे बघत राहिली.

"ताप आहे का?"

"नाही. चहा घेतला नाही अजून."

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी. ती मी कांतिभाईंनाही सांगितली नव्हती.

नंदू आमच्याकडे होता तेव्हा आईच्या सिरिंजच्या पाकिटातून सिरिंज कमी व्हायच्या. माझ्या ते लक्षात आलं. मी मोजायला लागले. दर रविवारी मोजायचे. तीन महिन्यांनी मी पाकीट माझ्या कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. नंदूला काही विचारलं नाही. विचारलं तर उत्तर मिळेल, याची भीती होती. कपाटाला कुलूप लागलं त्या आठवड्यात त्याने बाथरूमच्या दारात मला विचारलं, "ताई, कपाटाला कुलूप कधीपासून?" मी म्हटलं, "कागदपत्रं आहेत." तो म्हणाला, "बरं." महिन्याभराने तो राखोलीला राहायला गेला.

नव्या सुया घरात होत्या. मी त्या मोजल्या आणि कुलुपात ठेवल्या. मग त्याने दुसऱ्यांच्या घेतल्या.

आणि पुढे केंद्राचा नियम करताना मला वाटत होतं, की मी त्याच्यासाठी काहीतरी करते आहे.

निदान

सहा आठवड्यांनी बोलावलं होतं. विनय बरोबर आला. बाकावर आमच्यामध्ये त्याची बॅग होती.

डॉक्टर बाई म्हणाल्या, "एचआयव्ही नाहीये. अजून तपासण्या होतील, पण आत्ता नाहीये."

मी श्वास सोडला. तो पूर्ण सुटायच्या आत त्या म्हणाल्या, "हिपॅटायटिस सी आलाय. पहिल्या दिवशी नव्हता, म्हणजे त्याच सुईतून. काविळीचा विषाणू आहे. याला गोळ्या आहेत, बहुतेक लोक पूर्ण बरे होतात."

मी फक्त 'कावीळ' ऐकलं. त्यापुढचं विनयने ऐकून नंतर मला सांगितलं. आम्ही दोन वर्षांपूर्वी आईला सांगितलेली खोटी गोष्ट माझ्या नावाच्या कागदावर खरी होऊन आली होती.

बाहेर येऊन पुन्हा बाकावर बसलो तेव्हा विनयने बॅग दुसऱ्या बाजूला ठेवली आणि माझा हात हातात घेतला. डावा. सहा आठवड्यांत पहिल्यांदा. त्याचा तळवा घामाने ओला होता. "मला फार भीती वाटते गं," तो म्हणाला. मला ते ऐकून किती बरं वाटलं, ते लिहिता येत नाही. तोपर्यंत घरात घाबरलेली मी एकटीच आहे, असं वाटत होतं.

आणखी एक तपासणी करून बारा आठवड्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. औषधं देणाऱ्या माणसाने डबी खाकी पाकिटात घालून, न मागता, पाकिटाचं तोंड दोनदा दुमडून दिलं.

आईला सांगितलं तो दिवस

आईने मला खिडकीशी उभं केलं आणि हनुवटी धरली. "डोळे वर कर."

मी डोळे वर केले. नंदूच्या शेवटच्या महिन्यात रुग्णालयात ती रोज त्याचे डोळे असेच बघायची. आता चार दिवस ती माझे बघत होती.

"पिवळे नाहीत," ती म्हणाली. "पण तुला कावीळ आहे. विनय फोनवर बोलत होता."

ती रविवारची सकाळ होती. परातीत मेथी निवडायची पडली होती. मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. केंद्र म्हणजे काय, ते. ती समजत होती तसा तो वाचनवर्ग नव्हे, ते. डबा, सुई. मग नंदूचं. आधी नंदूचं सांगायचं नाही, असं ठरवलं होतं. पण ते वगळून ही गोष्ट सांगताच येत नव्हती. शेवटी कपाटाचं कुलूप.

आई मेथीची एक काडी खुडत राहिली. पानं संपली तरी खुडत राहिली.

"मला वाटायचं माझीच मोजणी चुकते," ती म्हणाली. "मी त्याला विचारलं होतं, अरे, पाकिटातल्या सुया कमी कशा होतात. तर म्हणे, उंदीर नेतात, त्यांनाही साखर झालीय. मी हसले होते त्यावर."

त्यानंतर तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. विनयशी बोलायची, शेजारणीशी बोलायची. मी समोर आले की उठून देवाजवळ जाऊन बसायची. मला आजाराची वाटली नाही एवढी भीती त्या तीन दिवसांत वाटली. तिचा मुलगा माझ्या कुलुपामुळे गेला, असं ती म्हणेल, आणि मग ते माझ्या एकटीच्या मनातलं राहणार नाही, तर खरं होईल.

चौथ्या सकाळी मी सिरिंज भरली. तिने ती माझ्या हातातून काढून घेतली आणि स्वतःच टोचून घेतलं. इतकी वर्षं ती म्हणायची, मला नाही बाई जमायचं.

"तो डबा कुणाचा?" तिने विचारलं.

"भिला म्हणून आहे. शिरपूरकडचा."

"परत केलास?"

"तो येतच नाही त्या दिवसापासून."

"का येत नाही?"

"घाबरला असेल. आपल्यावर येईल म्हणून."

आईने वापरलेली सिरिंज मी ठेवलेल्या जाड डब्यात टाकली. "मग तो सुया कुणाच्या घेतो आता?" ती म्हणाली.

भिला

हा प्रश्न मला सुचायला हवा होता. मी दोन महिने माझं रक्त, माझं घर, माझं नाव यातच होते.

कांतिभाई राखोलीत त्याला शोधत होते. त्याने खोली बदलली होती. कामावरही खाडे होत होते. एका मुलाने सांगितलं, भिला पुलाखाली बसतो, जे असेल ते वापरतो. कांतिभाईंनी मला हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, नियम बदलू या.

नियम बदलायचा तर गल्लीतल्या लोकांना सांगणं भाग होतं. शब्द मी दिला होता. पुन्हा बैठक झाली. मी उभी राहिले आणि म्हटलं, "तो नियम चुकीचा होता. यापुढे ज्याच्याकडे परत द्यायला काही नाही, त्यालाही आम्ही देऊ. कुणी सुया मोजणार नाही, कुणी हात लावणार नाही. ज्याने आणल्या त्याने स्वतः पेटीत टाकायच्या."

"आणि गल्लीत पडल्या तर?" मागे पोरांबद्दल विचारणारा तोच माणूस.

"रोज सकाळी कांतिभाई आणि मी चिमटा घेऊन फिरू."

"तुम्ही, मॅडम?"

"मला त्या नियमामुळे सुई टोचली आहे," मी म्हटलं. "मी आजारी आहे. गोळ्या चालू आहेत."

विनय मागे उभा होता. कुणाला सांगायचं नाही, असं ठरलं होतं. मी खुर्चीची पाठ धरली. लोकांनी होकार दिला नाही. पण दुसऱ्या दिवशी केंद्राच्या दाराला आमचंच कुलूप होतं, त्यावर दुसरं कुणी लावलेलं नव्हतं. एक बाई मात्र मी दिसले की मुलाला आत बोलावते. अजूनही.

कांतिभाईंनी पुलाखाली निरोप ठेवला: बेन रागावलेली नाही, डबा घ्यायला ये.

गोळ्यांचा सातवा आठवडा होता. भिला चपला काढून दारात उभा राहिला. गालफडं बसली होती.

"ताई, तुम्ही बऱ्या ना?"

"औषध चालू आहे. तू?"

"मी काय. मी आहे." तो खाली बघत होता. "मला वाटलं पोलीस येतीन. मग वाटलं तुम्ही गेल्याच. एका पोरानं सांगितलं, मॅडमला कावीळ झाली. मी म्हटलं, गेल्या."

"एवढ्यात नाही."

"तुम्ही लई बारीक झाल्या ताई. आता तुमचा फोटो पण खराब येईन."

कांतिभाई मोठ्याने हसले. मी नवी पाकिटं त्याच्यासमोर ठेवली. त्याने खिसे चाचपले, रिकामे हात दाखवले आणि परत निघाला.

"भिला," मी म्हटलं, "आता आणावी लागत नाही. घे."

तो उभाच राहिला. त्याला ते दोनदा सांगावं लागलं.

मग मी, आईने भरून दिलाय, म्हणत डबा पुढे केला. कांतिभाईंनी तो जंतुनाशकात भिजवून, उकळून ठेवला होता. स्टीलवर काळपट डाग पडले होते. तो मी आधीच्या आठवड्यात घरी नेला होता आणि आईने त्यात शंकरपाळे भरून दिले होते. भिलाने झाकण उघडलं, आत बघितलं, पुन्हा लावलं. झाकणावरच्या नावावरून अंगठा फिरवला.

"हे तुमच्या आईनं दिलं? त्यांना माहीत आहे?"

"सगळं माहीत आहे."

त्याने वर्तमानपत्राचा कागद मागून घेतला, शंकरपाळे त्यात ओतले, पुडी बांधली. डबा टेबलावर ठेवला. "हा नका देऊ ताई. याच्यात आता भाकर नाही जाणार माझी. रेखाला सांगीन, हरवला."

त्या दिवशी त्याने तपासणीला होकार दिला. त्यालाही तोच आजार निघाला. रुग्णालयात आम्ही एकाच बाकावर बसलो. डॉक्टर बाईंनी त्याला जे सांगितलं ते मीही पुन्हा ऐकलं. पहिल्या वेळी मी ते ऐकलंच नव्हतं. बहुतेक लोक पूर्ण बरे होतात.

आता

माझ्या गोळ्या संपल्या. त्यानंतर बारा आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासलं. विषाणू सापडला नाही. एचआयव्हीच्या सगळ्या तपासण्या झाल्या, तो नाही. पण हिपॅटायटिस सीची साधी तपासणी केली तर ती माझ्या बाबतीत यापुढे नेहमीच 'आहे' असं दाखवेल, कारण शरीर त्याची खूण ठेवतं. म्हणून शेवटचा कागद मी जपून ठेवला आहे. कुठे दाखल व्हायची वेळ आली तर तो बरोबर न्यायचा, हे विनयला माहीत आहे. त्याचा कंगवा आरशाजवळ परत आला आहे.

रक्ताचा ठिपका पडलेलं पुस्तक मी शाळेत नेऊन जागेवर ठेवलं.

भिलाच्या गोळ्या उशिरा सुरू झाल्या, त्या अजून चालू आहेत. सुई सुटलेली नाही. तो मंगळवारी येतो, स्वतःच्या सुया स्वतः पेटीत टाकतो, लागतील तेवढ्या नव्या नेतो. मी आकडा विचारत नाही. डबा केंद्रातल्या कपाटावर आहे. त्यात काही ठेवत नाही.

मंगळवारी मी घरी आले की आई चहा टाकते आणि विचारते, "आला होता का तो?" मी हो म्हणते. ती मान हलवते आणि कप पुढे करते. एका मंगळवारी मला नाही म्हणावं लागलं. त्या दिवशी चहा तसाच राहिला. शनिवारी तो आला. गावी गेला होता.

पुढचा मंगळवार परवा आहे.